रेवसची लाँच आणि लाईफ जॅकेटचं माप

या एपिसोडमध्ये आपण भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणार आहोत, पण जरा वेगळ्या वाटेने. विषय आहे लाईफ जॅकेटचा. त्यातही प्रश्न एकच: हे जॅकेट नेमकं कुणाच्या अंगाच्या मापाने बनलं?

सुरुवात १७ जुलै १९४७ पासून करू. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढातली अमावास्या होती. सकाळी ‘रामदास’ नावाची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. १९३६ साली बांधलेली बोट, आत शेकडो माणसं. सणाला गावी चाललेले चाकरमानी, बायका, पोरं, म्हातारी माणसं. काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात बोट कलंडली आणि बघता बघता बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. समोरून मासळी घेऊन मुंबईला येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी पाण्यातली माणसं जमेल तशी आपल्या होड्यांत ओढून घेतली, म्हणून काहीजण तरी वाचले. रायगडच्या किनाऱ्यावर आजही रामदासचं नाव निघालं की म्हातारी माणसं गप्प होतात.

रामदासबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा हवामान, गर्दी आणि नशीब याबद्दल बोलतो. मला आज दुसरीकडे बघायचंय. बोट काही मिनिटांत जाते, तेव्हा जॅकेट शोधा, ते कसं घालायचं ते वाचा, घट्ट-सैल करून बघा, एवढा वेळ कुणाकडेच नसतो. जे हाताला लागेल ते त्या क्षणी त्या अंगावर बसायला लागतं. आणि रेवसच्या बोटीत एका साच्यातली अंगं कधीच नव्हती. पाच वर्षांचं पोर, गरोदर बाई, ढेरपोटे शेठ, काटकुळे आजोबा, सगळे एकाच बाकावर.

आता जॅकेटचा इतिहास बघू. १८५४ मध्ये इंग्लंडमधल्या जीवरक्षक बोटींच्या संस्थेचा अधिकारी कॅप्टन वॉर्ड याने कॉर्कचं जॅकेट तयार केलं. म्हणजे बाटलीच्या बुचाचा असतो तोच कॉर्क. त्याने कॉर्कचा एक मोठा ठोकळा न लावता अरुंद पट्ट्या कापडावर शिवल्या. का? कारण घालणाऱ्याला वल्हं मारता आलं पाहिजे. म्हणजे त्याच्या डोळ्यासमोर एक ठरावीक शरीर होतं: धडधाकट, वल्हं मारणारा पुरुष. आणि त्या शरीरासाठी जॅकेट खरंच चाललं. फेब्रुवारी १८६१ मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी गावात जीवरक्षक बोट उलटली. तेरापैकी बारा जण बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि हे नवं जॅकेट अंगात असलेला तो एकटाच होता.

पुढे तेच कॉर्क मोठ्या प्रवासी जहाजांवर गेलं. तिथे वल्हं मारणारे नव्हते, सगळ्या वयाची माणसं होती. उंचावरून पाण्यात उडी मारली की सैल जॅकेटातला कॉर्क एकदम वर उसळायचा आणि हनुवटीवर आदळायचा. ज्याने तरंगवायचं, त्यानेच मान दुखावायची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्कची जागा कपोकने घ्यायला सुरुवात केली. कपोक म्हणजे कोण, तर आपल्या सावरीच्या कापसाचा सख्खा भाऊ. आजीच्या घरी उशीत शेवरीचा कापूस असायचा ना, त्याच घराण्यातला. हलका, मऊ, पाणी पटकन न पिणारा. अंगाच्या आकाराशी जरा तरी जुळवून घेणारं जॅकेट त्यामुळे शक्य झालं.

मग आलं दुसरं महायुद्ध आणि फुगवायचं जॅकेट. वैमानिकांनी त्याला नाव दिलं ‘मे वेस्ट’. ही त्या काळातली गाजलेली हॉलिवूड नटी. जॅकेट फुगलं की छाती तिच्यासारखी दिसते, म्हणून. गंमत बघा, नाव बाईच्या शरीरावरून आणि माप पुरुषाच्या शरीराचं. त्याच काळात एडगर पास्क नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने कमाल केली. स्वतःला भूल देऊन घेतली आणि बेशुद्ध अवस्थेत, वेगवेगळी जॅकेट घालून, तलावात स्वतःला सोडायला लावलं. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहतं का, हे बघायला. असल्या प्रयोगांतून एक मोठा धडा पक्का झाला: जॅकेटने नुसतं तरंगवून भागत नाही, माणसाला उताणं करून तोंड वर ठेवता आलं पाहिजे. पण ही परीक्षाही तरुण पुरुषाच्या अंगावरच झाली.

मी कोड लिहिणारा माणूस आहे. आमच्याकडे याला ‘डिफॉल्ट युजर’ म्हणतात. अ‍ॅप बनवणारा नकळत स्वतःसारख्याच माणसासाठी बनवतो. अ‍ॅपमध्ये चूक झाली तर कुणीतरी वन स्टार देतं. पाण्यात रिव्ह्यू द्यायला माणूस उरत नाही.

आता थोडं शरीराचं गणित. बहुतेक माणसांना डोकं पाण्यावर ठेवायला साधारण ३ ते ५ किलोचा आधार पुरतो. कारण पाणी आपलं बरंच वजन आधीच पेलतं. त्यामुळे खरा प्रश्न जॅकेट किती उचलतं हा नाहीच. ते अंगावर जागच्या जागी राहतं का, हा आहे. जॅकेट वर जातं, अंग खाली जातं. जॅकेट सैल असेल तर ते कानापर्यंत चढतं आणि तोंड पाण्यात. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि खांदे अरुंद, म्हणून मोठ्यांच्या जॅकेटमधून ते सरळ खाली निसटू शकतं. पोट मोठं असेल तर पट्टा पोटावर न थांबता वर सरकतो. छाती आणि कंबर यांच्या घेरात फरक असेल तर पुढचा भाग अंगापासून सुटा राहतो. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ जहाज बुडालं, तेव्हाही वाचलेल्यांची तक्रार हीच होती: जॅकेटचे पट्टे बांधता येईनात, आणि काहींची पाण्यात पडताना निघून गेली.

मग नियम बदलले. १ जुलै २०१० पासून आंतरराष्ट्रीय जहाजांच्या नियमांत जॅकेटची तीन मापं स्पष्ट झाली. १५ किलोपेक्षा कमी आणि १०० सेंटिमीटरपेक्षा बुटकं ते तान्हं बाळ. १५ ते ४३ किलो आणि १०० ते १५५ सेंटिमीटर ते मूल. त्यापुढे प्रौढ. शिवाय १४० किलो वजनाच्या आणि १७५ सेंटिमीटर छातीच्या माणसालाही जॅकेट बसलं पाहिजे, नाहीतर जोडपट्टा तरी हवा. प्रवासी संख्येच्या किमान १० टक्के जॅकेट मुलांच्या मापाची हवीत, आणि मुलं त्याहून जास्त असतील तर प्रत्येकाला एक.

चांगलं झालं ना? झालंच. पण तो १५५ चा आकडा जरा पुन्हा बघा. १५५ सेंटिमीटर म्हणजे पाच फूट एक इंच. आपल्या देशात प्रौढ बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर आहे. म्हणजे उंचीच्या रकान्यात आपली आई, आत्या, मावशी ‘मूल’ ठरते आणि वजनाच्या रकान्यात ‘प्रौढ’. पावणेपाच फुटांची, साठ किलोची आजी नक्की कुठल्या रकान्यात बसवायची? तक्ता चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये. रेषा कुठेतरी ओढावीच लागते. पण त्या रेषेवर आपल्याकडची कितीतरी माणसं उभी आहेत, हे लक्षात ठेवायला हवं.

त्यात आपले कपडे. जॅकेट वर चढू नये म्हणून काही जॅकेटना दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो. सहावारी साडीत तो घालणार कसा? नऊवारीत मात्र काष्टा असल्यामुळे तो सहज बसतो. म्हणजे या बाबतीत कोळणीचं लुगडं ऑफिसला नेसायच्या साडीपेक्षा समुद्राला जास्त तयार आहे. पिढ्यान् पिढ्या पाण्याकाठी राहिलेल्या बायकांच्या पोशाखात ही सोय आपसूक आलीय, जॅकेट बनवणाऱ्यांच्या मात्र ती फारशी ध्यानात आलेली दिसत नाही.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर १८ डिसेंबर २०२४ आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू होती. १५ जणांचा जीव गेला. बऱ्याच प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेवर जॅकेट घालणं सक्तीचं झालं. सक्ती हवीच. पण सक्तीत मोजली जातात डोकी आणि जॅकेट. शंभर माणसं, शंभर जॅकेट, हिशोब जुळला. त्यातली किती कुणाच्या अंगाला बसतात, हा रकाना त्या हिशोबात येतच नाही.

म्हणून पुढच्या वेळी रेवस, मांडवा, घारापुरी कुठेही निघालात तर एक मिनिट द्या. सगळी बकलं लावा. दोन्ही हात वर करा आणि सोबतच्याला जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर गेलं तर ते तुमचं माप नाही, दुसरं मागा. पदर, ओढणी जॅकेटच्या आत खोचा, सॅक काढून ठेवा. बकल लागत नसेल तर उघडं घालून बसू नका, मोठं मागा. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट गुंडाळून बसवू नका, मुलांचं मागा. आणि ते नसेल तर तिथल्या तिथे विचारा, का नाही? लाजायचं कशाला, तिकीट काढलंय आपण.

रेवस-कारंजा पूल होईल तेव्हा होईल. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, ही खाडी ओलांडणारी माणसं वेगवेगळ्या मापांचीच असणार. हा भाग घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात जाड माणसाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून जा!