अस्मानी बर्फ, सुलतानी बर्फ

आपल्या जुन्या महसुली व्यवहारात एक जोडशब्द वारंवार भेटतो: अस्मानी-सुलतानी. गारांनी पीक झोडपले तर ती अस्मानी, फौजेने उभे शेत तुडवले तर ती सुलतानी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कायद्याने बर्फाचीही अशीच वाटणी केली होती. आभाळातून पडला आणि जिथल्या तिथे गोठला तो ‘नैसर्गिक’ बर्फ. माणसाच्या करणीने साठला तो ‘अनैसर्गिक’. घसरून हाड मोडलेल्याला भरपाई मागता येणार की नाही, ते या वाटणीवर ठरे. बोस्टनच्या आसपास आज कितीतरी मराठी घरे आहेत. लेकीच्या बाळंतपणासाठी ऐन डिसेंबरात तिथे उतरणाऱ्या आईच्या पायांना बर्फाची सवय नसते. त्या घरांनी तरी ही कुळकथा जाणून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

या नियमाचे मूळ १८८३ सालच्या एका निकालात सापडते. नॉमकीग स्टीम कॉटन कंपनी ही सेलम गावातली कापडगिरणी. तिच्या मालकीच्या, भाड्याने दिलेल्या इमारतीत पायऱ्यांवरच्या बर्फावरून एका भाडेकरूचा पाय घसरला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बर्फ निसर्गक्रमाने साचलेला आहे, तो काढण्याचे बंधन मालकावर नाही. त्या काळच्या भाडेकायद्यात हे बसतही होते. जागा जशी आहे तशी भाडेकरूने घ्यायची, पुढचे त्याचे तो पाहील, अशीच तेव्हाची समजूत होती.

भाडेकायद्यातून निघालेला हा नियम पुढे दुकाने, कार्यालये आणि पार्किंगच्या जागांनाही लागू झाला. मग न्यायालयांना बर्फाची जात ओळखण्याचे काम करावे लागले. फुटक्या पन्हळीचे पाणी वाटेवर ठिबकून गोठले तर तो बर्फ अनैसर्गिक. गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या तशाच गोठून दगडासारख्या झाल्या तर तोही अनैसर्गिक ठरू शके. फावड्याने बर्फ काढल्यावर खाली उरलेला पातळ थर मात्र नैसर्गिक. पडणाऱ्याला या सगळ्याचा काय उपयोग? त्याच्या पायाखाली प्रत्येक थर सारखाच निसरडा. ज्याने दारातल्या बर्फाला हातच लावला नाही, तो मालक मात्र या नियमाच्या आड सुरक्षित राही.

मधल्या काळात कायद्याची दुसरी एक भिंत पडली. जागेवर आलेला माणूस बोलावलेला होता की नुसता येऊ दिलेला, यावर मालकाची जबाबदारी कमीजास्त होत असे. समन्स बजावायला गेलेला एक पोलीस बर्फावरून घसरला होता, आणि १९७३ मध्ये त्याच्या खटल्यात न्यायालयाने हा भेद मोडला. कायदेशीरपणे आलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत वाजवी काळजी घ्यायची, हे सूत्र रुजले. बर्फाची वाटणी तेवढी मागे राहिली.

तिचा शेवट डॅन्व्हर्स गावातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये झाला. २० डिसेंबर २००२. बर्फ बाजूला सारून मधल्या दुभाजकावर ढीग रचलेला होता. जमिनीला चिकटून गोठलेल्या बर्फाच्या एका तुकड्यावरून एक ग्राहक घसरून पडला. तो तुकडा ढिगातून निसटलेला होता, की ढीग वितळून वाहिलेले पाणी पुन्हा गोठले होते? खालच्या दोन्ही न्यायालयांनी बर्फ नैसर्गिक धरून दावा पुढे जाऊ दिला नाही. २६ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती राल्फ गँट्स यांनी लिहिलेल्या निकालात ती जुनी वाटणीच रद्द केली. बर्फ कुठून आला हा प्रश्न मागे पडला. त्या मालकाने वाजवी काळजी घेतली का, हा प्रश्न पुढे आला. तिथे किती लोकांची ये-जा असते, धोका किती मोठा आहे, बर्फ हटवायला कष्ट आणि खर्च किती पडतो, हे पाहायचे. म्हणून एका कुटुंबाच्या घराकडून जी अपेक्षा, तीच दुकानाकडून किंवा वृद्धांच्या शुश्रूषागृहाकडून असेलच असे नाही.

भरपाई मागणाऱ्यालाही या राज्याच्या कायद्याने जबाबदारी दिली आहे. बर्फावरून पडल्यास तीस दिवसांत जागामालकाला वेळ, ठिकाण आणि कारण लेखी कळवायचे. दाव्याची मुदत तीन वर्षांची. पडणाऱ्याची चूक समोरच्यांच्या एकत्रित चुकीपेक्षा जास्त ठरली तर काहीच मिळत नाही, कमी असेल तर त्या प्रमाणात रक्कम घटते. सार्वजनिक रस्ता एरवी सुरक्षित असेल, तर केवळ बर्फामुळे झालेल्या इजेसाठी गावाला जबाबदार धरता येत नाही. दवाखान्याची बिले, बुडालेला पगार, सोसलेल्या वेदना हे सारे मागता येते, पण पुरावा उन्हाबरोबर वितळून जातो. म्हणून पडल्यावर उठता आले तर आधी जागेचे आणि बुटांच्या तळव्यांचे फोटो काढावेत, कोणी पाहिले असेल तर त्याचे नाव घ्यावे, आणि दुखणे अंगावर न काढता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

त्याआधी पडूच नये, हे खरे. डांबराच्या रंगात मिसळून जाणारा पातळ ‘ब्लॅक आइस’ डोळ्यांना ओल्या रस्त्यासारखा दिसतो, म्हणून पहाटे ओल वाटली की बर्फच समजावा. हात खिशाबाहेर, पावले आखूड, तळवा सपाट टेकवत, भार पुढच्या पायावर. तळव्याला खोल खाचा असलेले बूट घालावेत; भारतातून नेलेले गुळगुळीत तळव्याचे बूट घरातच ठेवावेत. घर आपले असेल तर मीठ टाकायचेच, पण साधे मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसे काम करत नाही. तिथे वाळू पायाला पकड देते. बोस्टन शहरात बर्फ थांबल्यापासून तीन तासांत, किंवा रात्री पडला असेल तर सूर्योदयापासून तीन तासांत, घरासमोरच्या फूटपाथवर बेचाळीस इंच रुंदीची वाट मोकळी करावी लागते.

फावडे हातात घेतल्यावर डॅन्व्हर्सचा तो दुभाजक आठवावा. ढीग वाटेच्या वरच्या अंगाला रचला तर दुपारी त्याचे पाणी वाटेवर उतरते आणि रात्री तिथेच गोठते. ढीग उताराच्या खालच्या अंगाला रचावा. बर्फ अस्मानातून येतो. ढीग कुठे रचायचा ते आपण ठरवतो. एवढी साधी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात उतरायला १८८३ पासून २०१० पर्यंत वाट पाहावी लागली. आपल्या अंगणात ती उद्या सकाळीच करता येते.