पाहुणे बेडूक

पहिला पाऊस झाला की सावित्रीकाठच्या आमच्या खाचरांत पिवळेधमक बेडूक रात्रभर ओरडतात. याच जातीच्या बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या; १९८७ साली ती निर्यात बंद झाली. हाच बेडूक या शतकात अंदमानात पसरला, बहुधा मत्स्यबीजाबरोबर. त्याची पिल्लं दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात. २०१९च्या एका प्रयोगात त्यांच्यासोबत ठेवलेलं स्थानिक बेडकांचं एकही पिल्लू वाचलं नाही.

मूठभर जिवांपासून वाढलेली प्रजा आनुवंशिक वैविध्य नसल्याने दुबळीच निघते, असं मी वर्गात सांगत असे. पण ऑस्ट्रेलियातला भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक पाहा. उसावरचे भुंगेरे खाईल म्हणून १९३५ साली हवाईतून जेमतेम शंभर भेक नेले. हवाईतही ते १९३२ सालीच पोर्तो रिकोहून आलेले. दोनदा चाळणी लागली, वैविध्य घटलं. तरी क्वीन्सलँडपासून पश्चिम ऑस्ट्रेलियापर्यंत ते पोचले. २००६ साली तर आढळलं, की आघाडीवरच्या भेकांचे पाय मागच्यांपेक्षा लांब आहेत!

तेव्हा थोडेच आहेत म्हणून गाफील राहू नये. तळ्यात मत्स्यबीज सोडण्याआधी डबा नीट पाहावा. वर्गातली चूक आज इथे दुरुस्त केली.