चौकट की पेटी : चेसिसची कुळकथा

मोटारीच्या ज्या सांगाड्यावर इंजिन, चाके आणि बॉडी बसवलेली असते, त्याला चेसिस म्हणतात. आरसी बुकात चेसिस नंबर वाचणाऱ्या, किंवा नुसती चेसिस घेऊन उघड्यावर बसलेला चालक महामार्गाने बॉडी बांधणाऱ्याकडे निघालेला पाहिलेल्या मराठी वाचकाला हा शब्द नवा नाही. नवल त्याच्या पूर्वजांचे आहे, कारण मोटारीकडे येण्याआधी हा शब्द दोनशेहून अधिक वर्षे खिडकीत राहत होता. जुन्या पिकअपची हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीचे रूप राखून तिच्यात दांडगे इंजिन घातलेली गाडी, करताना कोणती फ्रेम घ्यावी हा अमेरिकेतला वाद जुना आहे, आणि त्या वादात ही खिडकी, तसेच खिडकीच्याही आधीची एक पेटी, आजही दिसते.

लॅटिनमध्ये ‘काप्सा’ म्हणजे पेटी. तिच्यापासून फ्रेंचमध्ये संतांचे अवशेष ठेवण्याच्या पेटीसाठी ‘शास’ आणि पुढे चौकटीसाठी ‘शासी’ हे शब्द झाले. मराठीत रोज वावरणारे केस, कॅप्सूल आणि कॅश हे तिघेही याच घरातले असून त्यांपैकी कॅश आधी पैशाच्या पेटीचे नाव होते आणि नंतर पैशाचेच झाले. मुंबईच्या बोलीने लॅटिनच्या वाटेला न जाता लाख रुपयांना ‘पेटी’ म्हणावे, हा योगायोग मजेचा आहे. पेटीची चौकट कशी झाली असावी, याचा अंदाज अवघड नाही: वस्तू चोहोबाजूंनी झाकण्याऐवजी ती नुसती कडांनी धरली की पेटीचीच चौकट होते. चित्रकाराचा कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणतात, तिला फ्रेंचमध्ये आजही शासीच म्हणतात. सतराव्या शतकात हा शब्द खिडकीच्या अर्थाने इंग्रजीत आला, तेव्हा त्याच्या शेवटी लिहिला जाणारा ‘स’ इंग्रजांना अनेकवचनाचा वाटला. त्यांनी तो छाटून ‘सॅश’ असा एकवचनी शब्द घडवला, आणि वरखाली सरकणाऱ्या खिडकीची चौकट त्या नावाने ओळखली जाऊ लागली. चेसिस आणि सॅश हे अशा रीतीने एकच शब्द दोनदा उसना घेतल्याचे फळ आहे.

शिकार करणे किंवा पाठलाग करणे या अर्थाच्या ‘शासे’ या फ्रेंच क्रियापदाशी चेसिसचे नाते जोडण्याचा मोह कोणालाही होईल, कारण धावणाऱ्या गाडीला तो अर्थ छान शोभतो. खिळेछपाईच्या छापखान्यात जुळवलेला मजकूर ज्या लोखंडी चौकटीत आवळून बसवतात, तिचे इंग्रजी नाव ‘चेस’ हे पाठलागाच्या शब्दासारखेच लिहिले आणि उच्चारले जात असल्याने गोंधळ आणखी वाढतो. पण ती लोखंडी चौकट शिकारीच्या नव्हे, पेटीच्या वंशातली आहे. दोन्ही कुळे मागे नेत गेल्यास ती ‘पकडणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपाशी भेटतात एवढे खरे. मात्र पणजोबा एक असल्याने चुलत भाऊ सख्खे ठरत नाहीत.

खिडकीपासून मोटारीपर्यंतच्या प्रवासाबद्दल दोन मते संभवतात. पहिले मत तोफेचे आहे. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावरच्या अवजड तोफांखाली एक पक्का सांगाडा असे, आणि बार उडाला की तोफेची गाडी त्याच्या दोन रुळांवरून मागे सरकत असे. या सांगाड्याला चेसिस म्हणत, आणि लांब समांतर रुळांवर ओझे पेलणारा तो सांगाडा मोटारीच्या फ्रेमसारखा दिसतोही. दुसरे मत सुताराचे आहे, आणि त्याच्या बाजूने एक वजनदार साक्षीदार उभा राहतो. इंजिन पुढे, त्यामागे गिअर आणि ओढ मागच्या चाकांना, ही मांडणी 1891 पासून रूढ करणारी पॅरिसची पानार-लव्हासोर ही कंपनी मोटारींपूर्वी लाकूडकामाची यंत्रे बनवत होती आणि तिच्या सुरुवातीच्या गाड्यांच्या फ्रेमही लोखंडी पट्ट्यांनी मजबूत केलेल्या लाकडाच्याच होत्या. ज्यांचा धंदाच सुतारांना यंत्रे विकण्याचा होता, त्यांनी लाकडी चौकटीला सुतारी नाव दिले असणे, हे तोफखान्यातून नाव उचलल्यापेक्षा अधिक पटणारे आहे. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची फ्रेम 1901 च्या मर्सिडीझमध्ये आली आणि पुढे लाकूड मागे पडले. नाव मात्र टिकले.

फोर्डने 1925 मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मालाचा हौदा बसवून पिकअप विकायला काढली आणि 1928 पासून मॉडेल ए पिकअप आली. मॉडेल ए च्या फ्रेमच्या दोन लांब तुळया, ज्यांना हॉट रॉडवाले ‘रेल’ म्हणतात, साध्या, जवळजवळ सरळ आणि एका बाजूने उघड्या पन्हळीच्या आकाराच्या आहेत. खडबडीत रस्त्यावर ही फ्रेम पिळवटते आणि 40 अश्वशक्तीच्या इंजिनाला ते चालूनही जाते. तरीही मॉडेल ए ची बॉडी 1932 च्या फोर्डच्या फ्रेमवर चढवण्याची चाल हॉट रॉडच्या जगात मानाची ठरली. 1932 मधल्या दोनाच्या आकड्यामुळे या फ्रेमला ‘ड्यूस’, म्हणजे पत्त्यातली दुर्री, म्हणतात. पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर 103.5 ऐवजी 106 इंच होते आणि त्या वर्षी व्ही-8 इंजिन आले, ही कारणे नेहमी दिली जातात. पण व्ही-8 कोणत्याही फ्रेममध्ये बसवता येते. खरे कारण दिसण्याचे आहे. 1932 पूर्वी फ्रेमची बाजू पायफळीवरच्या पत्र्याआड दडलेली असे. त्या वर्षी तो आडपडदा गेला, रेल उघडी पडली आणि म्हणून तिच्या अंगावर एक लांब, वळणदार उठाव दाबून काढला गेला. खिडकीच्या चौकटीवर रंधा मारून सुतार जी नक्षीची कड काढतो, तिचेच काम हा उठाव करतो. दीर्घकाळ लपून राहिलेली चेसिस पुन्हा पाहण्याची चौकट झाली.

याचा उलटा पुरावा 1947 नंतरच्या शेव्हरोले पिकअपमध्ये मिळतो. तिथे फुगीर मडगार्डे आणि पायफळ्या फ्रेम झाकतात, त्यामुळे त्याच कंपनीच्या कितीतरी नंतरच्या एस-10 पिकअपची फ्रेम खाली सरकवायला कोणाला संकोच वाटत नाही. स्वतंत्र हलणारी पुढची चाके आणि डिस्क ब्रेक आयते मिळतात, आणि फ्रेम कुणाची हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ड्यूस निवडणाऱ्यापुढे मात्र पिळवटण्याचा प्रश्न उरतो, कारण तीही उघड्या पन्हळीचीच आहे. त्यावरचा उपाय म्हणजे आतल्या उघड्या बाजूवर पट्टी वेल्ड करून पन्हळ बंद करणे, आणि या कामाचे कारागिरांच्या तोंडी असलेले नाव आहे ‘बॉक्सिंग’, म्हणजे पेटी करणे. 150 मिमी उंच, 50 मिमी रुंद आणि 3 मिमी जाड पत्र्याची पन्हळ अशी बंद केली, तर पिळाला होणारा तिचा विरोध कागदावरच्या हिशेबाने साडेसहाशे पटींच्या घरात वाढतो. प्रत्यक्षात आडव्या तुळयांमुळे फरक इतका टोकाचा राहत नाही, पण गाडीच्या वागण्यात तो कळण्याइतका असतो. पट्टी आतून लागत असल्याने बाहेरचा उठाव शाबूत राहतो. वेल्डिंगच्या उष्णतेने रेल ओढली जाऊन वाकू नये म्हणून फ्रेम घट्ट जखडतात, टाके थोडे थोडे आणि आलटून पालटून घालतात, आणि शेवटी समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले दोन्ही कर्ण फितीने मोजून पाहतात, जसे खिडकीची चौकट गुण्यात आहे की नाही हे सुतार पाहतो.