टाचेमागची शीर : प्लास्टरपासून पावलापर्यंत

“डॉक्टर, शीर तर शिवली, मग क्रांती चौकात सिग्नल सुटायच्या आत रस्ता ओलांडून का होत नाही?” अकिलीस टेंडनच्या शस्त्रक्रियेनंतर हा प्रश्न हमखास येतो.

ही शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. पोटरीला टाचेशी बांधणारा तो दोर आहे. १६व्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रोज पारे यांनी तो तुटल्याची नोंद केली. १६९३ मध्ये व्हरहेयन यांच्या शरीररचनेच्या ग्रंथात त्याला अकिलीसचे नाव मिळाले. १८५० च्या सुमारास डच लष्करी डॉक्टर मॅथिसेन यांनी प्लास्टरची पट्टी आणली. पुढे पाय सहा-आठ आठवडे प्लास्टरमध्ये ठेवणे रूढ झाले. शीर जुळायची, पण पोटरी वाळायची.

२०१० मध्ये कॅनडातील १४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर हालचाल सुरू केल्यावर, शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या दोन्ही गटांत शीर पुन्हा तुटण्याचे प्रमाण कमीच राहिले. म्हणून आता टाचेखाली उंचवटा असलेला बूट घालून लवकर भार द्यायला सांगतात.

पोटरीची ताकद मात्र यायला महिने लागतात. पाऊल पुढे ढकलते ते पोटरीच. दुखऱ्या पायावर उभे राहून टाच उचलता येणे, ही तिची खूण. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते करून पाहू नका. तोवर सिग्नल एकदा चुकला, तरी चालेल.