नकोशी वीज, दोन तळी

अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या ऐन कड्यावर घाटघर आहे. तिथले वरचे तळे प्रवरेच्या खोऱ्यात मोडते, म्हणजे त्यातले पाणी सोडून दिले तर भंडारदरा, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळेल. खालचे तळे कड्याच्या पायथ्याशी, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ आहे. त्याची वाट अरबी समुद्राकडची. दोन्हींच्या मध्ये सुमारे ४०० मीटरची उंची आणि डोंगराच्या पोटात वीजगृह. तिथे १२५ मेगावॉटचे दोन संच २००८ साली सुरू झाले. संध्याकाळी वरचे पाणी खाली येते आणि वीज देते. पुढे कधीतरी तेच यंत्र उलटे फिरते आणि तेच पाणी परत वर चढवते.

हिशेब मांडला तर हा तोट्याचा व्यवहार आहे. गच्चीवर असते तशी हजार लिटरची टाकी ४०० मीटर वर असेल, तर ती खाली रिकामी करून साधारण एक युनिट वीज मिळते. तेवढेच पाणी पुन्हा वर न्यायला मात्र सव्वा युनिट लागते. शंभर युनिट घालून पंचाहत्तर-ऐंशी परत घ्यायचे. तरीही शंभराहून अधिक वर्षे जगभरचे अभियंते हा व्यवहार खुशीने करत आले आहेत. त्यांची अक्कल गहाण पडलेली नव्हती. जी वीज त्या क्षणी कुणालाच नको होती, ती घालून ते गरजेच्या वेळची वीज घेत होते. म्हणून अशा कोणत्याही उदंचन, म्हणजे पाणी परत वर चढवणाऱ्या, केंद्राची कुंडली पाहताना मी आधी एवढेच पाहतो, की त्या काळात, त्या मुलखात न थांबवता येणारी वीज कोणती होती.

स्वित्झर्लंडमध्ये ती नदीची होती. ऱ्हाइनच्या काठी शाफहाउझेन गावात १८६६ पासून बंधाऱ्यावरची चाके फिरत होती आणि तारेच्या दोरखंडांवरून त्यांची शक्ती कारखान्यांपर्यंत जात होती. पुढे दोरखंडांची जागा विजेने घेतली. कारखाने रात्री बंद होत. नदी होत नसे. धरण बांधून ऱ्हाइन अडवणे गावाच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा रात्रीच्या बेकार विजेने नदीचे थोडे पाणी टेकडीवरच्या तळ्यात चढवायचे आणि कारखाने सुरू झाले की सोडायचे, अशी युक्ती निघाली. तिथले एंगेवायर केंद्र १९०९ मध्ये सुरू झाले आणि आजही चालते. झुरिकमध्ये असा प्रयोग त्याच्या आधी, १८९० च्या सुमारास झाला होता.

पुढची पिढी कोळशाची. ऱ्हूर खोऱ्यात हेर्डेकेजवळ १९३० मध्ये मोठे उदंचन केंद्र उभे राहिले. आर्थर कोपखेन या अभियंत्याच्या पुढाकाराने झालेल्या या केंद्राला पुढे त्याचेच नाव मिळाले. इथे न थांबणारी गोष्ट म्हणजे बॉयलर. तो एकदा तापवला की विझवणे परवडत नाही. थंड बॉयलरपासून पुन्हा पूर्ण वीज मिळायला कित्येक तास जातात, आणि प्रत्येक गरम-थंडीला नळ्या, सांधे, पाती झिजतात. म्हणून मध्यरात्री गिऱ्हाईक नसले तरी तो मंद धगीवर चालू ठेवायचा, आणि ती वीज डोंगरावर पाठवायची. अमेरिकेत कनेटिकटमध्ये रॉकी रिव्हर केंद्राने याच सुमारास हूसाटॉनिक नदीचे पाणी वर चढवून आख्खे कँडलवुड सरोवर भरले. त्या राज्यातले हे सर्वांत मोठे सरोवर. आज त्याच्या काठचे बंगले पाहून ते पंपाने भरले होते असे कुणाला वाटायचे नाही.

त्या वेळी पंप वेगळा, टर्बाइन वेगळे, मध्ये मोटर-जनित्र आणि सगळे एका दांड्यावर. जागा आणि पैसा दोन्ही जास्त. एकच चक्र दोन्ही कामे करील ही कल्पना जुनी, पण ते सोपे नव्हते: पंपाच्या पात्यांना जी वळणे मानवतात ती टर्बाइनला मानवत नाहीत, त्यामुळे दोघांच्या मधला आकार शोधावा लागतो. टेनेसी व्हॅली प्राधिकरणाच्या हिवासी धरणावर १९५६ मध्ये असे मोठे उलटसुलट फिरणारे यंत्र बसले आणि पुढे जगभर तेच रूढ झाले.

मग अणुभट्ट्या आल्या. त्या तर कोळशापेक्षाही हट्टी, रात्रंदिवस एकाच चालीने चालणाऱ्या. वेल्समध्ये फेस्टिनिऑगचे ३६० मेगावॉटचे केंद्र १९६३ मध्ये झाले, आणि काही मैलांवर दोनच वर्षांत अणुवीज केंद्र आले. या पिढीतले सर्वांत देखणे मात्र डिनॉर्विग. तिथली पाटीच्या दगडाची प्रचंड खाण १९६९ मध्ये बंद पडली आणि त्याच डोंगरात बोगदे खणून १९८४ मध्ये सतराशे मेगावॉटहून मोठे केंद्र चालू झाले. त्याची चक्रे हवेत नुसती फिरत तयार ठेवलेली असली, तर वीस सेकंदांच्या आत १३२० मेगावॉट वीज मिळते. इंग्रजांना एवढी घाई कशासाठी, तर चहासाठी! ४ जुलै १९९० रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरले, आणि सामना संपताच लाखो घरांत किटल्या लागून मागणी २८०० मेगावॉटने उसळली.

सह्याद्रीची कथा एंगेवायरच्या काळातली, पण उलट्या टोकाने सुरू होते. इथे पाणी वर चढवायची गरजच नव्हती, ते आकाशातून वर पडत होते. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवटा इथे ते अडवले आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा. एकदा घाट उतरलेले पाणी कोकणात गेले ते गेलेच. मुळशी पेठेतल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तोही हरला. भिऱ्याला १५० मेगावॉटचा उदंचन संच बसला तो १९९० च्या दशकात. सत्तर वर्षे फक्त उतरणारे पाणी तेव्हा कुठे परत घाट चढू लागले.

मधल्या काळात देशात नागार्जुनसागर, तमिळनाडूच्या अन्नामलै डोंगरात कदंपराई, आपल्याकडे पैठण असे प्रकल्प झाले. पण आपल्या खास पद्धतीने: उलटी फिरणारी महागडी यंत्रे बसली, खालचा बंधारा मात्र काही ठिकाणी वेळेत झाला नाही. नागार्जुनसागरची आणि पुढे सरदार सरोवराची यंत्रे वर्षानुवर्षे एकाच दिशेने फिरत राहिली, कारण उपसायला खाली पाणीच साठत नव्हते. दोन तळ्यांच्या धंद्यात एकच तळे.

घाटघर त्या मानाने पूर्ण झाले. पैसा जपानी कर्जाचा. धरणे रोलरने दाबत थरावर थर चढवलेल्या काँक्रीटची, ही पद्धत भारतात पहिल्यांदा इथेच आली. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जोडीला औष्णिक केंद्रांतली राख मोठ्या प्रमाणात घातली आहे. कोळशाची रात्रीची वीज साठवायला बांधलेल्या धरणात कोळशाचीच राख!

अशा संचाला पंप म्हणून सुरू करणे हे पाहण्यासारखे काम असते. चक्रावर ४०० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असताना ते एकदम उलटे फिरवायला गेले तर वीजजाळ्याला हिसका बसेल. म्हणून आधी झडपा आणि मार्गदर्शक पाती बंद करतात, चक्राच्या कोठडीत दाबाची हवा सोडून पाणी खाली ढकलतात आणि चक्र हवेत मोकळे करतात. मग ते हळूहळू वेगात आणायचे. वेग आणि जाळ्याची वारंवारता जुळली की संच जाळ्याला जोडायचा. त्यानंतर हवा बाहेर, पाणी आत. चक्राने पाण्याला पकडले की दाब वाढतो, तेव्हा पाती उघडतात. हे सगळे काही मिनिटांत आटोपते. कधी उपसायचे आणि कधी सोडायचे हे मात्र घाटघरला ठरत नाही, ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात ठरते.

यंत्रे आली तेव्हा महाराष्ट्रात भारनियमन ऐन जोरात होते. चंद्रपूर, कोराडी, परळीची औष्णिक केंद्रे रात्रभर धगधगत होती, पण उरत काय होते? दिवसा कारखाने आणि शहरे, म्हणून शेतीपंपांना रात्रीची वीज. बॉयलर विझवायचे नसतील तर रात्री कुणीतरी वीज खाल्ली पाहिजे. ऱ्हूर खोऱ्यात ते काम तळ्याने केले, आपल्याकडे विंचूकाट्यात बॅटरी घेऊन दारे धरणाऱ्या शेतकऱ्याने. शेतीपंप हेच महाराष्ट्राचे सर्वांत मोठे आणि सर्वांत स्वस्तात उभारलेले उदंचन होते असे मी म्हणेन, फक्त त्यातून वीज परत येत नव्हती.

आता ही सगळी घडी उलटली आहे. न थांबणारी वीज आज भर दुपारची, उन्हाची. सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंप दिवसा चालवायची खटपट आहे. उद्योगांच्या बिलात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेला वर्षानुवर्षे सवलत होती. तीही सरकून उन्हाच्या तासांकडे आली. उदंचनाचे घड्याळ प्रथमच बारा तासांनी फिरले: शंभर वर्षे रात्री चढणारे पाणी आता दुपारी चढणार आणि सूर्य मावळल्यावर उतरणार.

म्हणूनच घाटमाथ्यावर सध्या मोजणीवाले दिसतात. राज्याने २०२३ मध्ये उदंचनासाठी धोरण आणले. टाटांनी भिवपुरीला १००० आणि शिरवट्याला १८०० मेगावॉटचे प्रकल्प जाहीर केले. ही नावे शंभर वर्षांपूर्वीच्या त्यांच्याच नकाशातली. इतर कंपन्यांचेही करार झाले आहेत, त्यांतले काही नद्यांपासून दूर, स्वतंत्र दोन तळ्यांचे. त्यांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते ते असे, की पाणी एकदाच भरायचे, मग तेच वर-खाली फिरत राहते. बरोबर आहे, फक्त बाष्पीभवन सोडून. आणि ही तूट भरावी लागते नेमकी मार्च ते मे. याच महिन्यांत घाटघरच्या खालच्या अंगाला, शहापूर तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर टँकर फिरत असतात. मुंबईला पाणी देणारे भातसा आणि तानसाही त्याच तालुक्यात आहेत.