लखनौची ‘सेवा’: चिकनच्या टाक्याने सावरलेली वस्ती

लखनौ : चिकनचा कुर्ता विकला जातो तो चौक बाजारात, तो भरणारे हात मात्र जुन्या शहरातील अरुंद गल्ल्यांत आणि गोमतीपलीकडील डालीगंज परिसरात असतात. या हातांना त्यांच्या कामाचे मोल मिळवून देण्यासाठी १९८४ मध्ये ‘सेवा लखनौ’ ही संस्था स्थापन झाली. रूना बॅनर्जी आणि सेहबा हुसेन या तिच्या संस्थापक. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या ‘सेवा’ संघटनेशी नाव जुळत असले, तरी लखनौची संस्था स्वतंत्र आहे.

कार्याचा आरंभ भरतकामापासून नव्हे, तर शाळेपासून झाला. डालीगंजलगतच्या मुकारिमनगर या गरीब वस्तीत मुलांना शिकविण्याचे काम हाती घेतल्यावर मुले वर्गात का टिकत नाहीत, याचा उलगडा होऊ लागला. घरोघरी आईबरोबर मुलीही सुई घेऊन बसत होत्या. आईच्या मजुरीचा प्रश्न सुटल्याशिवाय मुलीचा शाळेचा प्रश्न सुटणार नव्हता.

मजुरी इतकी अल्प का, याचे उत्तर व्यवसायाच्या रचनेत आहे. कापड बेतले जाते, लाकडी ठशांनी त्यावर धुऊन जाणाऱ्या निळ्या रंगात नक्षी छापली जाते, मग भरतकाम होते आणि शेवटी धोबी ते धुऊन देतात. प्रत्येक टप्प्यावर कारागीर वेगळा. भरतकाम करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी मुस्लिम कुटुंबांतील आणि पडदा पाळणाऱ्या. घरी कापड आणून देणारा दलाल एवढाच त्यांचा बाजाराशी संबंध. कुर्ता कितीला विकला गेला, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. मुझफ्फर अली यांनी १९८६ च्या ‘अंजुमन’ या चित्रपटात याच शोषणाचे चित्रण केले. त्यात मुख्य भूमिका शबाना आझमी यांची होती.

संस्थेने दलालाची ही कडी काढून टाकली. कापड व सूत केंद्रावरून द्यायचे, तयार काम तेथेच तपासायचे आणि पैसे थेट त्या स्त्रीच्या हाती ठेवायचे, अशी पद्धत रुजविली. ऐकायला हे साधे वाटते. परंतु त्यासाठी बाईने उंबरठा ओलांडून केंद्रापर्यंत यावे लागत होते आणि खरी कसोटी तीच होती. पुढे याच स्त्रिया प्रदर्शनांसाठी दिल्लीसारख्या शहरांत जाऊन ग्राहकाशी स्वतः भाव बोलू लागल्या.

दुसरी अडचण कलेचीच होती. स्वस्त मालाच्या मागणीमुळे सोपा, भरभर होणारा टाका सर्वत्र पसरला होता. तांदळाच्या दाण्यासारखी ‘मुर्री’, बाजरीच्या दाण्याएवढा ‘फंदा’ किंवा कापडाचे धागे न कापता केवळ सरकवून साधली जाणारी ‘जाली’ यांना वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे दलाल देत नसे. संस्थेने हे टाके शिकविण्यावर भर दिला. त्यामागे केवळ वारसाप्रेम नव्हते, हिशेबही होता : काम उंची असेल तरच मजुरी वाढवून मागता येते. गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करणाऱ्या ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’चा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. अंगी असलेले कौशल्य तेच. बदलला तो सौदा.

रूना बॅनर्जी यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. लखनौच्या चिकनकामाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत त्याचा समावेश केला. तथापि मानांकनामुळे वस्तूच्या नावाला संरक्षण मिळते. मजुरीचा दर त्याने ठरत नाही. संस्थेशी हजारो स्त्रिया जोडल्या गेल्या असल्या, तरी शहर आणि भोवतालच्या खेड्यांतील बहुसंख्य कारागीर आजही दलालाकडूनच काम घेतात. त्यातच यंत्रावर भरलेले स्वस्त कापड हाताच्या कामाशेजारीच विक्रीला असते. कापड उलटे करून टाक्याची मागची बाजू पाहिली, तर जाणकाराला दोहोंतील फरक ओळखता येतो. ग्राहक सहसा ते उलटून पाहत नाही.