सौरऊर्जेच्या काळातील सरपण

अपारंपरिक ऊर्जा म्हटली, की सौरपट आणि पवनचक्क्या डोळ्यांसमोर येतात. सरपण कुणाला आठवत नाही. वास्तविक माणसाचे सर्वांत जुने अक्षय इंधन तेच. जगात तोडल्या जाणाऱ्या लाकडापैकी सुमारे निम्मे आजही जळणासाठीच जाते.

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेस, बैलबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या बेल्हे परिसरात हा प्रश्न नीट दिसतो. पश्चिमेला भीमाशंकर, नाणेघाटाकडे सह्याद्रीचे जंगल आहे. बेल्हे-आणे पट्टा मात्र पर्जन्यछायेतला. येथे जळण म्हणजे बांधावरची बाभूळ, शेतातल्या काटक्या, गोवऱ्या.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी देशातील ग्रामीण कुटुंबे ४३.२ टक्केच होती. सिलिंडर घरात येऊनही पाणी तापवायला आणि भाकरीला चूल राहतेच. हिशेब करून पाहावा. कोरडे लाकूड किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता देते, पण साध्या चुलीत तिचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करायला सव्वादोनशे किलोंहून अधिक लाकूड हवे! ओल्या लाकडाची तर गोष्टच वेगळी. त्याची बरीचशी उष्णता स्वतःतले पाणी उडवण्यातच जाते, आणि धूर बाईच्या फुप्फुसात.

लाकडापासून वीज करावी काय? या लेखकाच्या मते, नाही. दिवसाची वीज सौरपट कितीतरी स्वस्तात देतात. जुन्नर-आंबेगावातील विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखाने बगॅसपासून वीज करतात ते परवडते, कारण चिपाड कारखान्यात आयतेच जमते आणि उरलेली वाफ रस आटवायला लागते. लाकूड मात्र गोळा करून वाहून न्यावे लागते. इंग्लंडमधील ड्रॅक्स वीजकेंद्र अमेरिकेतून लाकडाच्या गोळ्या आणून जाळते. त्याचे २०२७ नंतरचे अनुदान निम्म्यावर आणण्याचे तेथील सरकारने २०२५ मध्ये ठरविले. तोडलेले झाड पुन्हा वाढायला दशके लागतात, धूर मात्र आजच हवेत जातो.

लाकडाची खरी ताकद वेगळी आहे. ते साठवता येते आणि सूर्य मावळल्यावर उष्णता देते. सुधारित चूल, गुऱ्हाळ, शेतमाल वाळवण्याची भट्टी येथे त्याला अजून दीर्घकाळ काम आहे. त्यातही झाड तोडण्याआधी पाचटाकडे पाहावे. उसाच्या एका हेक्टरातून ८ ते १० टन पाचट निघते आणि बहुतेक वेळा शेतातच पेटवले जाते. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या पुण्यातील संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसविली. तिला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

धोका आहे तो भावाचा. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात जैवइंधनाच्या गोळ्या मिसळाव्यात, असे केंद्राचे २०२१ पासूनचे धोरण आहे. त्यातून शेतकऱ्याला काडीकचऱ्याचे पैसे मिळतील, हे चांगलेच. पण बांधावरची काटकी आजवर फुकट होती. तिला गिऱ्हाईक मिळाले, की बांधाचा मालक ती विकेल; ज्यांना बांधच नाही, त्या भूमिहीन घरांतील बायकांना सरपणासाठी आणखी लांब जावे लागेल, आणि दुसऱ्या सिलिंडरचे पैसे त्यांच्याजवळ आजही नसतात.